चौदाव्या गोटीचा कायदा

आमच्या फॅकल्टीत मालमत्ता कायद्याची तोंडी परीक्षा गोट्यांवर चालते. एक लाकडी पिंप, त्यात अठरा लाकडी गोट्या, प्रत्येकीवर एक आकडा, आणि अभ्यासक्रमाचे अठरा भाग. दांडा फिरवायचा, दोन गोट्या काढायच्या. एकीवर आपण होऊन बोलायचं, दुसरीवर परीक्षक विचारतील तेवढं सांगायचं. गोट्या परत पिंपात, पुढचा बळी आत. यात न्याय किती आणि नशीब किती हा प्रश्न पहिल्या वर्षाला पडतो. तिसऱ्या वर्षापर्यंत तोही पडायचा थांबतो.

पिंपात गोट्या मात्र सतराच होत्या. चौदा नंबरची सोळा वर्षांपूर्वी हरवली. कुणी म्हणायचं एका घाबरलेल्या मुलानं ती गिळली, कुणी म्हणायचं पाराना नदीत फेकली. गिळली म्हणणाऱ्यांकडे त्या मुलाचं नाव होतं, त्याचं आधीचं आणि नंतरचं वजनही होतं. फॅकल्टीनं नवी गोटी करून मिळावी म्हणून अर्ज केला होता, तो अर्जही हरवला. परिणाम इतकाच झाला की सोळा वर्षांत चौदावा भाग कुणी वाचला नाही.

चौदाव्या भागात शिकार, मासेमारी, जमिनीत सापडलेला खजिना, हरवलेल्या वस्तू आणि उडून गेलेलं मधमाश्यांचं मोहोळ एवढं येतं. म्हणजे आमच्या पुएर्तो लासारो गावात अडतिशीच्या आतल्या एकाही वकिलाला मधमाश्या कुणाच्या हे सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी कोर्टाच्या आवारात दिव्याच्या खांबावर एक मोहोळ येऊन बसलं. मागोमाग धापा टाकत मालक आला आणि त्याच्या मागोमाग, खांब आमचा आहे म्हणत, नगरपालिका. न्यायाधीशबाई छत्तीस वर्षांच्या. त्यांनी तारीख दिली. तारखेपर्यंत माश्या उडून गेल्या आणि दावा निकाली निघाला. निकाल समतोल होता असं सगळ्यांचं मत पडलं.

तर डिसेंबरातला मंगळवार, सेमिस्टरची शेवटची परीक्षा, आणि माझी या विषयातली तिसरी खेप. तिसऱ्यांदा आपटलं की अख्खं वर्ष पुन्हा. पण माझ्या घरी पुन्हा वगैरे भानगड नव्हती. आईनं मामाला शब्द देऊन ठेवला होता: या वेळी सुनिल्दा उडाली तर कायदा बंद, सोमवारपासून ती तुझ्या दुकानात. मामाचं दुकान शवपेट्यांचं. मामा माणूस अतिशय प्रेमळ. मी पहिल्यांदा नापास झाले तेव्हा त्यानं माझ्यासाठी चाकांची खुर्ची घेतली. दुसऱ्यांदा झाले तेव्हा माझ्या नावाची पाटी करून आणली. आता तो माझा काळा कोट शिवायला टाकणार होता.

"लोक मरायचे थांबत नाहीत, बाळा," आई म्हणाली होती. "खटले थांबतात."

माझं आडनाव साकारियास. आमच्या वर्णमालेत ते शेवटच्या अक्षरानं लिहितात, आणि परीक्षेला वर्णमालेप्रमाणे बोलावतात. एकतीस जणांत मी एकतिसावी. हजेरीला मात्र सगळ्यांबरोबर सकाळी आठला.

आठला तिन्ही परीक्षक आले. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर अर्रिओला, वय चौऱ्याहत्तर. आमच्याकडे वकिलाला डॉक्टर म्हणतात. औषध देणाऱ्या डॉक्टरला नावानं हाक मारतात. अर्रिओलांनी निकालपत्राच्या कोऱ्या पानांवर सह्या केल्या, ऊन फार आहे म्हणाले आणि आठ वाजून दहा मिनिटांनी घरी गेले. जाताना हॅट टेबलावर ठेवून गेले. ही जुनी रीत आहे. नियमाला तीन परीक्षक लागतात, आणि हॅट असली की माणूस आसपासच आहे असं धरतात. उरल्या डॉक्टर फेरेइराबाई आणि डॉक्टर सामानिएगो. दोघंही पस्तिशीच्या अलीकडची, म्हणजे दोघंही सतरा गोट्यांच्या काळात पास झालेली.

मी व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. बाकावर बसलं की मला सातवा भाग आठवायचा नाही, उभं राहिलं की अकरावा. चालताना दोन्ही आठवायचे पण एकमेकांत मिसळून.

"सुनी, बस ना खाली," ओरेस्तेस म्हणाला. ओरेस्तेस बोगादो, माझा पहिल्या वर्षापासूनचा मित्र, उंच आणि इतका काटकुळा की पंख्याखाली उभा राहिला तर वारा अडत नाही. "तुला बघून मला गरगरतंय."

"माझा नंबर दुपारी लागेल रे. तोवर काय करू?"

"आमच्यासारखी घाबर. एका जागी."

आठ पस्तीसला दार उघडलं आणि पहिला मुलगा, आल्काराझ, बाहेर आला. आल्काराझ वडिलांबरोबर जुन्या गाड्या विकतो, त्याचा चेहरा सहसा हलत नाही. त्या दिवशी तो पांढरा पडला होता. पुढच्या खेपेला, म्हणजे पुढच्या सेमिस्टरला, बसणारी मुलं वह्या घेऊन व्हरांड्यात बसलेलीच असतात. त्यांनी त्याच्यावर झडप घातली. काय आलं, काय विचारलं, काय बोललास.

"चौदा आली," तो म्हणाला.

"चौदा नाहीये," ओरेस्तेस म्हणाला.

"माझ्या हातात होती."

"चार असेल. आधीचा एक तू घाबरून लावलास."

"एक आणि चार. आकडे कळतात मला. गाड्यांच्या इंजिनांवरचे आकडे मी पुसतो, वाचल्याशिवाय पुसतो का?"

 व्हरांड्यात एक मुलगी हलकेच खाली बसली, जमिनीवरच.

"मग काय बोललास?" मी विचारलं.

"त्यांनी मोहोळाचं विचारलं. म्हटलं, मोहोळ ज्याच्या जमिनीवर जाऊन बसेल त्याचं."

"कशावरून?"

"गाडीचं तसंच असतं. जिथे बंद पडते तिथल्याची होते."

"आणि ते काय म्हणाले?"

"लिहून घेतलं त्यांनी," आल्काराझ म्हणाला, आणि हे त्याला स्वतःलाच विचित्र वाटलेलं दिसलं.

पाच मिनिटांत सभा भरली. विद्यार्थी संघटनेची पेर्ला ओवेलार बाकावर चढली. पेर्लाला बाक दिसला की ती चढते, तिचा दोष नाही. ती म्हणाली, मित्रहो, सोळा वर्षं ही गोटी बेवारस होती. म्हणजे ती सोडून दिलेली वस्तू. सोडून दिलेली वस्तू फॅकल्टीच्या मालकीची राहत नाही. आणि जी फॅकल्टीची नाही ती फॅकल्टीच्या पिंपात घालता येत नाही. टाळ्या पडल्या. मलाही ते बिनतोड वाटलं.

"पण सोडून दिली नव्हती," मागून कुणीतरी म्हणालं. "हरवली होती."

"त्यानं काय फरक पडतो?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"हा फरक कुठल्या भागात येतो?" पेर्लानं विचारलं.

एकानं अभ्यासक्रमाचा कागद काढला, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. "चौदाव्या," तो म्हणाला. पेर्ला बाकावरून उतरली.

मग कळलं की गोटी एर्मेसकाकांनी टाकली होती. एर्मेसकाका आमचे शिपाई, तीस वर्षं त्याच दाराशी उभे. आम्ही त्यांना घेरलं तेव्हा ते तेरेरे या गार पानांच्या पेयाची नळी तोंडात धरून उभे होते, ती त्यांनी सावकाश बाजूला केली.

"व्यासपीठाला वाळवी लागली होती," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात उखडलं. फळीखाली ही पडलेली. पुसली, तेलाचं बोट लावलं, टाकली आत."

"कुणाला सांगितलं का नाही, काका?"

"हरवली तेव्हा तरी मला कुणी सांगितलं होतं?"

 याचं उत्तर असलंच तर तेही चौदाव्या भागात असणार.

त्यानंतरच्या तीन तासांत मी चालले तेवढी आयुष्यात चालले नसेन. आम्ही चाळिशीच्या वरच्या वकिलांना फोन लावायला लागलो. एकाला कबुतरांबद्दल काहीतरी आठवत होतं, पण ते कायद्यातलं की त्याच्या आजोळचं हे नक्की सांगता येईना. एकानं फोनवरच फी सांगितली. एका ऐंशी वर्षांच्या नोटरीला सगळं आठवत होतं, फक्त ते सगळं दुसऱ्या विषयातलं होतं. नदीवरच्या एका कोळ्याला कुणीतरी पकडून आणलं, कारण मासेमारी. त्यानं सुरुबी मासा कसा साफ करायचा ते सांगितलं, आणि तीन जणांनी तेही लिहून घेतलं. मी झेरॉक्सवाल्याकडे गेले, ग्रंथालयात गेले, परत झेरॉक्सवाल्याकडे गेले. सोळा वर्षांपूर्वीच्या नोट्स कुणाकडेच नव्हत्या.

तीस माणसं, प्रत्येकाच्या पिशवीत नागरी संहितेचं लाल पुस्तक, आणि सगळे चौदाव्या भागाच्या नोट्स शोधत होते. पुस्तक उघडून बघावं असं कुणाला सुचलं नाही. आम्ही कायद्याचे विद्यार्थी होतो.

मधल्या वेळात आतले बाहेर येतच होते. ओरेस्तेसलाही चौदाच आली. बाहेर येऊन तो माझ्याजवळ भिंतीला टेकला.

"काय बोललास?"

"आल्काराझचंच. जमीनवाल्याचं. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. वर खजिन्याचंही विचारलं. म्हटलं, तोही जमीनवाल्याचा."

"आणि हरवलेली वस्तू?"

"जमीनवाल्याची. एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही गं."

बाराला एर्मेसकाकांनी पहिल्या तुकडीचे निकाल वाचले. आमच्याकडे दहापैकी गुण, चारला पास. आल्काराझ, आठ. पुढे दोघं नापास, एकाला सहावी गोटी आली होती, एकाला अकरावी. बोगादो, आठ.

ओरेस्तेसनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितलं, हृदय जागेवर आहे का. मग हळूच म्हणाला, "सुनी, त्यांनाही येत नाही."

ही बातमी व्हरांडाभर पसरायला मिनिटही लागलं नाही, आणि वारं फिरलं. सकाळी जी गोटी येऊ नये म्हणून लोक हातातल्या माळा ओढत होते, तीच यावी म्हणून आता ओढायला लागले. गालेआनो बहिणींना, दोघींनाही, लागोपाठ चौदा आली. आठ, आठ. थोरलीनं बाहेर येऊन जमिनीला हात लावून नमस्कार केला, तिच्या मते जमिनीवरच सगळं अवलंबून होतं. पेर्ला ओवेलारलाही चौदा आली. ती मोहोळाच्या जमीनमालकाच्या सामाजिक जबाबदारीवर दहा मिनिटं बोलली आणि नऊ घेऊन आली. पुढच्या खेपेच्या मुलांनी प्रत्येक वहीत एक ओळ लिहिली, खाली दोन रेघा मारल्या: मोहोळ जमीनमालकाचं.

दोननंतर व्हरांडा रिकामा व्हायला लागला. बाहेर एक्केचाळीस अंश. गाव झोपलं होतं, कुत्री झोपली होती. ओरेस्तेस माझ्यासाठी थांबला आणि बाकावर आडवा होऊन घोरायला लागला. पुढच्या खेपेच्या मुलांतली एक मुलगी तेवढी वही घेऊन बसून होती, चष्म्याची, फार नीटनेटकी. मला पाय स्थिर ठेवता येईनात. आपल्या आधीचे सगळे संपले की भीती कमी होईल असं मला वाटत होतं. ती कमी न होता सगळ्यांच्या वाटची माझ्याकडे येऊन साठली. सहावा भाग म्हणून बघितला, अर्धा आठवला. चौथा बघितला, त्यात सहाव्याचा उरलेला अर्धा निघाला. चिपाचा, म्हणजे चीजच्या पावाचा, एक तुकडा तोंडात टाकला, तो तसाच फिरत राहिला.

मग निव्वळ हाताला चाळा म्हणून मी लाल पुस्तक उघडलं. चौदावा भाग म्हणजे दहा कलमं, दीड पान. कोरं करकरीत पान, कुणाच्या पेन्सिलची रेघ नाही. मी वाचायला लागले.

आल्काराझ चुकला होता. मोहोळ उडालं तर मालक त्याच्या मागे दुसऱ्याच्या जमिनीतूनही जाऊ शकतो, वाटेत काही मोडलं तर भरून द्यायचं. त्यानं पाठलाग सोडला तर मोहोळ जो धरेल त्याचं. ते दुसऱ्याच्या मोहोळात जाऊन मिसळलं तर त्या मोहोळाच्या मालकाचं. जमीनवाल्याचं नावही नव्हतं. खजिना दुसऱ्याच्या जमिनीत अवचित सापडला तर अर्धा सापडणाऱ्याचा, अर्धा जमीनवाल्याचा. मला ते आवडायला लागलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कायद्यात कुणीतरी पळत होतं.

नवव्या कलमावर, हरवलेल्या वस्तूपाशी, पोचले: सापडलेली वस्तू उचललीच पाहिजे असं नाही, पण उचललीस तर सांभाळ, मालकाला दे, मालक कळत नसेल तर पोलिसांकडे दे. मी दहाव्याकडे वळणार तोच फोन वाजला.

"सुनिल्दा, बाही पूर्ण हवी की पाऊण?" मामा.

"मामा, परीक्षा आहे माझी."

"म्हणून तर आत्ता विचारतो. नंतर तुझं मन ठिकाणावर नसेल."

"मी पास होणार आहे."

"होशील गं. का नाही होणार? पण शिंपी शुक्रवारी गावाला चाललाय. पाऊण ठेवू का? उन्हाळ्यात लोक जास्त येतात, हात मोकळे बरे."

"ठेव पाऊण."

"शाबास. आणि कमरेत?"

"मामा."

"बरं, कमरेत अंदाजानं घेतो."

दार उघडलं. एर्मेसकाका म्हणाले, "साकारियास." परीक्षेची उरलेली मी एकटीच होते, तरी त्यांनी इकडे तिकडे बघून हाक मारली.

आत पंखा फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून सगळ्यांवर काही ना काही ठेवलेलं होतं. मधल्या खुर्चीसमोर डॉक्टर अर्रिओलांची लाल संहिता, तिच्यावर त्यांची हॅट. फेरेइराबाई कपाळ पुसत होत्या. सामानिएगोंनी पिंपाकडे हात केला. मी दांडा फिरवला. पहिली आली सहा. दुसरी आली चौदा, तेलानं अजून चकचकीत.

"अरे वा," सामानिएगो म्हणाले. "कुठली घेणार?"

दिवसभर या प्रश्नाचं उत्तर एकच होतं. "चौदा," मी म्हटलं.

"मोहोळाबद्दल सांगा."

मी सांगितलं. पाठलाग, नुकसानभरपाई, सोडून दिलं तर धरणाऱ्याचं, मिसळलं तर ज्याच्या मोहोळात मिसळलं त्याचं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सामानिएगोंचं पेन थांबलं आहे.

फेरेइराबाईंनी समोरचा कागद बघितला. "तुम्ही जमीनमालकाचा उल्लेख केला नाही."

"तो नाहीये त्यात, डॉक्टर."

"नाही कसा? आज सकाळपासून पाच विद्यार्थी या गोटीवर बोलले. पाचही जणांनी जमीनमालक सांगितला. एकीनं तर त्याच्या सामाजिक जबाबदारीसह."

"हो, ऐकलं मी."

"म्हणजे पाच चूक आणि तुम्ही बरोबर."

"असं मी म्हणत नाही," मी म्हटलं. "पुस्तक म्हणतं."

सामानिएगोंनी निकालपत्र पुढे ओढलं. "ही तुमची तिसरी खेप ना, मिस साकारियास?" अगदी मायेनं विचारलं त्यांनी. "शांतपणे विचार करा. मोहोळ एका शेतात जाऊन बसलं. कुणाचं?"

एक शब्द बोलायचा होता. जमीनवाल्याचं म्हटलं की आठ, घरी. माझ्या डोळ्यांसमोर पाऊण बाहीचा काळा कोट आला, चाकांची खुर्ची आली, आणि खुर्चीत बसून मी कुणा विधवेला विचारते आहे, कमरेत अंदाजानं घेऊ का. मी तोंड उघडलं. पण मला नको ती गोष्ट दिसायला लागली होती. शेतात पळणारा तो माणूस, हातात टोपली, वर बघत, धापा टाकत, आणि बांधावर आल्काराझ हात आडवा करून उभा.

"तो मागे धावतोय का ते सांगा," मी म्हटलं. "धावत असेल तर त्याचं. संहिता समोरच आहे, डॉक्टर. उघडून बघू या का?"

दोघांनी हॅटकडे बघितलं. संहिता काढायची तर हॅट उचलावी लागणार, आणि हॅट उचलली तर मंडळात दोघंच उरणार.  शेवटी सामानिएगोंनी दोन्ही हातांनी हॅट दोन बोटं वर धरली, फेरेइराबाईंनी खालून अलगद पुस्तक ओढून घेतलं, आणि हॅट होती त्या जागी टेकवली गेली. सगळं विनाअपघात पार पडलं.

त्या वाचायला लागल्या. सामानिएगो खुर्ची ओढून त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागले. पहिल्यांदा दोघांच्या कपाळाला आठ्या होत्या, मग त्या गेल्या.

"अगं, अर्धा अर्धा," सामानिएगो म्हणाले. "खजिना अर्धा अर्धा आहे. माझ्या मेव्हण्याला चांदीचे चमचे सापडले होते शेजाऱ्याच्या परसात. मी त्याला सगळे परत द्यायला लावले."

"थांब ना, हे बघ. जखमी प्राण्याच्या मागे शिकारी असेल तर तो त्याचाच."

"पुढचं पान उलट."

"वाचू दे की मला."

मी हात मांडीवर ठेवून बसले होते. दहा मिनिटं गेली. त्यांना माझी आठवण नव्हती असं नाही, पण घाई नव्हती. मग फेरेइराबाई एकदम थांबल्या आणि निकालपत्राकडे बघायला लागल्या. आल्काराझ, बोगादो, गालेआनो, गालेआनो, ओवेलार. शाईनं लिहिलेलं, खाली अर्रिओलांची सही.

"आता यांचं काय?" त्या म्हणाल्या.

सामानिएगोंनी चष्मा काढला. घड्याळात बघितलं. "आत्ता वाजलेत तीन पन्नास," ते म्हणाले. "तीन पन्नासपर्यंत या फॅकल्टीत कायदा जमीनमालकाच्या बाजूनं होता. तो आत्ता बदलला. बदललेला कायदा मागून लागू होत नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. "मिस साकारियास मात्र नव्या कायद्यात येतात."

"येतातच."

आणि त्या दोघांनी माझ्याकडे तोंड केलं. एवढा उत्साह मी परीक्षकांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. मासा कुणाचा, जाळ्यातला कुणाचा, माणसाळलेला प्राणी पळाला तर काय, खजिना शोधायला मालकाची परवानगी लागते का. मी उत्तरं देत गेले. त्यांनी पुस्तकात बोट ठेवून ठेवून तपासली.

"हरवलेली वस्तू पोलिसांकडे दिली," सामानिएगो म्हणाले. "सहा महिने कुणी आलं नाही. पुढे?"

दहावं कलम. "तिथपर्यंत वाचलं नाही," मी म्हटलं.

"का?"

"मामाचा फोन आला."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "लिलाव," फेरेइराबाई म्हणाल्या. त्यांना ते कळून सहा मिनिटं झाली होती. "खर्च आणि सापडणाऱ्याचं बक्षीस वजा जाता उरलेलं नगरपालिकेचं. हे यायला हवं होतं, मिस साकारियास. हे मूलभूत आहे."

सहाव्या गोटीवर त्यांनी शेजाऱ्यांमधली सामाईक भिंत विचारली. मला एकाच बाजूची आली. दोघं थोडा वेळ कुजबुजले, हॅटकडेही एकदा बघितलं. मग सामानिएगोंनी आकडा लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला. चार.

"दुसऱ्या कुठल्या दिवशी यापेक्षा जास्त मिळाले असते," ते म्हणाले. "पण आता आम्हाला माहीत आहे."

चार म्हणजे पास. मी बाहेर आले आणि तिथेच उभ्या उभ्या मामाला फोन केला.

"मामा, पास झाले."

पलीकडे रंधा चालायचा थांबला, मामा पेटी तासत असावा. "छान झालं," तो म्हणाला. "फार छान झालं गं." मग जरा थांबून, "तुझ्या मापाची कुणी मैत्रीण आहे का?"

ओरेस्तेस जागा झाला होता. "किती?"

"चार."

"गोटी कुठली?"

"चौदा."

तो उठून बसला. "चौदावर चार? चौदावर आठ देतात, सुनी. पेर्लाला नऊ दिले. काय केलंस काय तू?"

"वाचलं होतं."

"कशाला?" त्यानं विचारलं, आणि मला खरंच सांगता येईना.

चष्म्याची मुलगी वही घेऊन जवळ आली होती. तिनं फार अदबीनं विचारलं, ताई, काय काय विचारलं सांगता का. तिच्या वहीत तीच ओळ होती, दोन रेघांसकट, आणि पुढे पाच वेळा आकडे: आठ, आठ, आठ, आठ, नऊ.

"ही ओळ चूक आहे," मी म्हटलं. "खोड ती. मालक मागे धावत असेल तर मोहोळ मालकाचं. कलमं दहाच आहेत, पुस्तकातच वाच. आणि शेवटचं सोडू नकोस."

तिनं पेन उचललं. मग थांबली.

"ताई, तुम्हाला चार पडले ना?"

"हो."

"नाही, सहज विचारलं," ती म्हणाली, पेनाचं टोपण लावलं आणि वही छातीशी धरून ओरेस्तेसच्या बाजूला जाऊन बसली. ओरेस्तेस घसा साफ करत होता.